राजाचा गळ आणि लेकराची काठी

गळ ही वस्तू मराठी माणसाने पाहिली नसली, तरी बोलण्यातून तो ती रोज वापरतो. निवडणूक आली की अमुक पुढारी तमुकाच्या गळाला लागला म्हणतात. आमिष दाखवले, आमिषाला भुलला, असेही म्हणतात. कीर्तनकार तर विषयसुखाला भुललेल्या जिवाला गळ गिळणाऱ्या माशाची उपमा देत आले आहेत. पण खरा गळ, खरी काठी आणि पाण्याकाठी तासन् तास बसणारा खरा माणूस यांचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. आमच्या बीड जिल्ह्यात तर पाण्याचा इतिहास म्हणजे दुष्काळाचाच इतिहास, अशी समजूत होऊन बसली आहे. त्या इतिहासात मासा कोठून यायचा!

या विषयाकडे मी वळलो तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. तो पुण्याला नोकरी करतो. मागच्या दिवाळीत गावी आला, तेव्हा त्याची नऊ वर्षांची मुलगी बरोबर होती. परदेशातल्या नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून, पिसाची खोटी माशी लावलेला लांबच लांब दोर हवेत फिरवणारा मनुष्य तिने कोठल्याशा चित्रपटात पाहिला होता, आणि माजलगावच्या जलाशयावर आपणही तसेच करायचे अशी तिने बापाला गळ घातली होती. त्याने माझ्यापुढे एका दुकानाचे दरपत्रक ठेवले. काठी, फिरकी, दोर, माश्यांची डबी, खिशाखिशांचे जाकीट, मांडीपर्यंतचे रबरी बूट. बेरीज एका महिन्याच्या घरभाड्याच्या पुढे गेली होती. “गुरुजी, हा श्रीमंतांचाच खेळ दिसतोय. हिला नाही म्हणू का?” त्याने विचारले. मी म्हटले, “थांब. आधी हा खेळ कोणाचा होता ते पाहू, मग काय विकत घ्यायचे ते ठरवू.”

हा शोध घेताना जवळचाच एक राजा प्रथम भेटतो. बालाघाटाच्या डोंगररांगा ओलांडून आग्नेयेकडे गेले, की आज कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात मोडणारे बसवकल्याण लागते. हेच चालुक्यांचे कल्याण. आमचा मुलूख तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. बीड शहरातले पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ पाहिले, म्हणजे त्या काळच्या हाताची ओळख पटते. या गादीवर ११२७च्या सुमारास तिसरा सोमेश्वर बसला. बाप सहावा विक्रमादित्य, ज्याच्या पदरी ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर आणि कवी बिल्हण होते. मुलाला लढाईपेक्षा ग्रंथांची गोडी जास्त. शके १०५१च्या सुमारास, म्हणजे मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’च्या जवळजवळ साठ वर्षे आधी, त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विभाग, प्रत्येकात वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे येथपासून स्नान कसे करावे, जेवावे काय, हत्ती कसा ओळखावा येथपर्यंत सगळे त्यात आहे. आपल्या इडलीचा आणि वड्याचा पूर्वज त्यात सापडतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, हेही या राजाने टिपून ठेवले आहे.

या शंभर अध्यायांत एक आहे ‘मत्स्यविनोद’. राजाने गळाने मासे कसे धरावे, हा त्याचा विषय. सोमेश्वर पस्तीस प्रकारचे मासे सांगतो. समुद्रातले कोणते, गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते आणि लहान कोणते, अशी त्यांची वर्गवारी लावतो. कोणत्या माशाला काय खाऊ घालून जवळ आणावे, काठी कशी, दोर कसा, गळ कसा, हे सांगतो. १९५१ साली सुंदरलाल होरा या विख्यात मत्स्यशास्त्रज्ञांनी या अध्यायाचा अभ्यास कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. होरा तेव्हा भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक होते. गळाने मासे धरण्याच्या कलेवर इतक्या बारकाईने लिहिलेले इतके जुने लेखन जगात फार थोडे आहे. इंग्लंडमधले या विषयावरचे पहिले छापील पुस्तक निघाले ते १४९६ साली, म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी.

राजाला हे ज्ञान मिळाले कोठून? मला वाटते, याचे उत्तर सोपे आहे. मासा कोठे राहतो आणि काय खातो हे राजवाड्याच्या सज्जातून दिसत नाही. ते पाण्यात उतरणाऱ्याला दिसते. राजाच्या श्लोकांमागे भोयाचे आणि कोळ्याचे डोळे असलेच पाहिजेत. पुढे सातशे वर्षांनी हेच पुन्हा घडले. मुंबई इलाख्याच्या लष्करातला विल्यम साइक्स हा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला आणि भीमा व तिच्या उपनद्यांमधले मासे त्याने गोळा केले. १८३९च्या सुमारास त्याने ते लंडनच्या विद्वानांपुढे मांडले. तेव्हा पुष्कळ माशांच्या शास्त्रीय नावांना त्याने आपल्या लोकांच्या तोंडची नावेच जोडली होती. शिंगटी, कोळस, अळकूट ही नावे लॅटिन वेश करून आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत नांदत आहेत. दख्खनच्या महसीर माशाला शास्त्रात ‘तोर खुद्री’ म्हणतात, तेही साइक्सचेच नामकरण.

आता त्या पिसाच्या माशीकडे वळू. तिचा जन्मही राजवाड्यातला नव्हे. इसवी सन २००च्या सुमारास ईलियन नावाचा रोमन लेखक ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी लिहीत होता. मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे लोक काय करतात, ते त्याने लिहून ठेवले आहे. तिथले मासे पाण्यावर घोंघावणाऱ्या एका माशीवर तुटून पडत. ती माशी पकडून गळाला लावावी, तर हात लागताच तिचा रंग जाई. तेव्हा त्या लोकांनी गळाभोवती लाल लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन पिसे तिला बांधली. काठी सहा फूट, दोरही सहा फूट. फिरकी नाही, बूट नाहीत, जाकीट नाही. नदीकाठच्या माणसांनी पोटासाठी शोधलेली ही युक्ती होती, आणि तिला लागत होते काय, तर चिमूटभर लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे.

१४९६चे जे इंग्रजी पुस्तक मी वर सांगितले, ते वेस्टमिन्स्टरच्या विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापले. जुलियाना बर्नर्स नावाच्या एका साध्वीने ते लिहिले, असे परंपरा मानते. त्यात काठी विकत घ्यायला सांगितलेलेच नाही. ती हिवाळ्यात तोडावी कशी, वाळवावी कशी, तापल्या सळईने पोखरावी कशी, हे सांगितले आहे. शिवणाच्या सुया तापवून वाकवाव्या, की गळ झाला. घोड्याच्या शेपटीचे केस पिळावे, की दोर झाला. अगदी लहान मासोळीला एक केस पुरे, ट्राउटला नऊ, सामनला पंधरा, असा हिशेबही दिलेला आहे. बारा तऱ्हेच्या पिसाच्या माश्या कशा बांधायच्या तेही आहे. म्हणजे पुस्तक घरच्या घरी करण्याचे. पण गंमत अशी की, ते मुद्दाम महाग ठेवले होते! हे लहानशा चोपड्याच्या रूपाने छापले तर कोणीही रिकामटेकडा घेईल आणि मासे संपवील, म्हणून थोरामोठ्यांच्या जाडजूड ग्रंथात आम्ही ते घातले, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा खेळ श्रीमंतांचा आहे अशी जी समजूत आहे, तिच्या मुळाशी अशाही काही भिंती आहेत. साहित्य स्वस्तच होते. महाग केली होती ती माहिती.

आपल्याकडे हा खेळ शब्दबद्ध केला तो मद्रासच्या मुलकी सेवेतल्या हेन्री सुलिव्हन टॉमस या इंग्रजाने. त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघाले. पुढे १८८७ साली त्याने तळ्यांतल्या मासेमारीवर वेगळे पुस्तक लिहिले, कारण सगळ्यांनाच डोंगरातल्या नद्या आणि मोठे महसीर परवडत नाहीत. गावचे तळे मात्र सर्वांच्या आवाक्यात असते.

याच शतकात उलटी वाहतूकही चालू होती. १८४०च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युअल फिलिप या बंदुकी आणि व्हायोलिने बनवणाऱ्या कारागिराने बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या केल्या. त्याच्या हाताखाली आणि त्याच्यामागून पुष्कळ वर्षे जो बांबू वापरला गेला तो ‘कलकत्ता’ नावाने ओळखला जाई, कारण तो हिंदुस्थानातून जात असे. पुढे चिनी बांबूने त्याची जागा घेतली. सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेची ठिपक्याठिपक्यांची पिसेही विलायती माश्या बांधायला फार मागणीची असत. त्या पायी त्या पाखराची जी हत्या झाली ती थांबवण्यासाठी कायदे करावे लागले. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. म्हणून आपल्या माशीला घरच्या कोंबडीचे गळून पडलेले पीस वापरावे. ईलियनच्या मॅसिडोनियन लोकांचेही त्यावरच भागले होते.

इतका इतिहास पाहिल्यावर दरपत्रक पुन्हा उघडायला हरकत नाही. पण खर्च कोठे करावा हे कळायला या काठीची रीत समजली पाहिजे. साधा गळ फेकताना वजन असते ते टोकाला. शिसाचा मणी किंवा आमिष पुढे जाते आणि दोर त्याच्यामागे ओढला जातो. ही गोफणीची रीत. पिसाच्या माशीला वजन नसते. तेथे वजन दोरालाच असते आणि दोर माशीला घेऊन जातो. ही आसुडाची रीत. आसूड मुठीजवळ जाड आणि टोकाला बारीक असतो, म्हणून हाताचा हिसका वाहत वाहत टोकापर्यंत पोहोचतो. या दोराचेही तसेच आहे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही. दोर मागे फेकायचा, तो मागे पुरता सरळ होईपर्यंत थांबायचे, आणि मग पुढे न्यायचा. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. घाई केली की दोराचा गुंता होतो.

याचा अर्थ असा की पैसा आधी दोरावर खर्च करावा, मग काठीवर, आणि उरला तर फिरकीवर. ही फिरकी लहान माशांच्या बाबतीत नुसती दोर गुंडाळून ठेवण्याचे काम करते. सर्वांत स्वस्त घेतली तरी चालते. दोराला क्रमांक असतात. १९६१च्या सुमारास अमेरिकेतल्या कारखानदारांनी ते ठरवले. पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून हा क्रमांक ठरतो. पाचव्या क्रमांकाचे तीस फूट भरतात सुमारे नऊ ग्रॅम. काठीवरही हाच क्रमांक लिहिलेला असतो, आणि दोन्ही एकच हवेत. नवशिक्याने पाच किंवा सहा क्रमांक घ्यावा. मोठ्या माणसाला साडेआठ-नऊ फुटांची काठी, मुलाला सात-आठ फुटांची. वजन दोघांनाही हलकेच हवे. काचतंतूची काठी जरा जड आणि संथ असते, पण ती धसमुसळेपणा सोसते. १९७०च्या दशकापासून आलेली कार्बनतंतूची काठी हलकी आणि चपळ असते, पण दगडावर आपटली की संपली. मुलाच्या हातात पहिली द्यावी, असे मला वाटते.

आणि दोघांना मिळून एकच जोड घ्यावा. एकाने टाकायचे, दुसऱ्याने पाहायचे. यात खर्च अर्धा होतो हे तर खरेच, पण बापाचे चुकलेले मूल पाहते आणि मुलाचे चुकलेले बाप पाहतो, हे मला शिक्षक म्हणून अधिक मोलाचे वाटते. जाकीट नको, बूट नकोत. शर्टाला खिसा असतो आणि आमच्या जलाशयांचे काठ कोरडे असतात. दोनच गोष्टींत काटकसर करू नये. डोक्याला टोपी आणि डोळ्यांना चष्मा, कारण हवेत फिरणारा गळ कोणाचा डोळा ओळखत नाही. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, म्हणजे तो बोटात रुतला तरी सहज निघतो आणि मासाही इजा न होता सोडता येतो. पहिले आठ दिवस गळ लावूच नये. शाळेच्या मैदानावर दोराच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव करावा.

पण माझ्या वर्गात पुण्याचे वडील थोडेच आहेत! आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊस तोडायला बाहेर पडतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयते निघाले की माझ्या वर्गातले बाक रिकामे होतात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, काही आजा-आजीजवळ मागे राहतात. त्या बापाला सहा क्रमांकाचा दोर कोण देणार? त्याच्यासाठी इतिहासातले दुसरे उत्तर आहे, आणि ते कमी प्रतीचे नाही. ईलियनची सहा फूट काठी आणि सहा फूट दोर. जपानच्या डोंगरातले लोक फिरकीवाचून, काठीच्या टोकाला दोर बांधून पिसाची माशी टाकतात. त्याला ते ‘तेनकारा’ म्हणतात, आणि आता तर अमेरिकेतले शौकीन पैसे मोजून तीच रीत शिकत आहेत. आमच्या भोयाची गळकाठी ही त्याच कुळातली. एक सरळ, वाळलेला बांबू, काठीएवढा नायलॉनचा दोर, दोन-चार गळ, लोकर आणि कोंबडीचे पीस. दहा-वीस रुपयांच्या वर जाते ते फार थोडे. मोठा मासा याने निघणार नाही, पण पाण्याच्या पृष्ठभागावर किडे टिपणारी अळकुटासारखी चंदेरी मासोळी खोट्या माशीवर येते. येत नसेल त्या दिवशी कणकेची गोळी आहे, गांडूळ आहे. काही शे रुपये असतील, तर एकात एक सरकणारी काचतंतूची काठी बाजारात मिळते. तिच्या टोकाला दोर बांधला की झाले.

एक गोष्ट मात्र बापाने मुलाला काठीच्या आधी द्यावी. आमच्या जलाशयांतली मासेमारी बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. मत्स्यबीज त्यांनी सोडलेले असते आणि त्यावर त्यांची चूल पेटते. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. १४९६च्या त्या पुस्तकातही गरिबाच्या पाण्यात त्याच्या परवानगीवाचून मासे धरू नका, कुंपण मोडू नका, फाटक उघडे टाकू नका, आणि हाव धरू नका, असे बजावले आहे. त्याहून कितीतरी आधी सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारण्यास आणि विकण्यास मनाई केली होती. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर चढतात, त्याला वलगण म्हणतात. त्या वेळी ते सहज हाती लागतात, आणि नेमके त्याच वेळी हात आवरला पाहिजे. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते तेथपासून पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरेपर्यंत आमच्या नद्यांना पाणी आधीच बेताचे. त्यातली माया तरी टिकू द्यावी.

पकडलेला मासा सोडावा की खावा, यावर शौकीन लोक तावातावाने भांडतात. दख्खनचा महसीर हाती आला तर तो सोडलाच पाहिजे, कारण त्याची संख्या फार घटली आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा कंपनी १९७०च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवून जलाशयांत सोडत आली आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत गावकरी त्याला देवाचा मासा मानून हात लावत नाहीत. पण ज्या घरात आठवड्याचे कालवण हा प्रश्न असतो, तेथे चिलापीचे दोन मासे घरी नेण्यात पाप आहे, असे मी कोणा मुलाला सांगणार नाही. ताटात मावेल तेवढे घ्यावे. सोमेश्वर राजानेही मासे धरायचे सांगितले, तसे ते शिजवायचे कसे तेही सांगितलेच आहे.

पुण्याच्या त्या विद्यार्थ्याने अखेर दोर आणि साधी काठी घेतली, बाकीचे दरपत्रक मला परत दिले. माझ्या वर्गातल्या मुलांना मी बांबूची गोष्ट सांगितली. दिवाळीच्या सुट्टीत कोयता निघायला चार-सहा दिवस असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बिऱ्हाड बांधायचे असते, आणि तरीही एखादी संध्याकाळ मोकळी सापडते. बापाने बांबू तासावा, पोराने पीस बांधावे, आणि दोघांनी तळ्यावर जाऊन बसावे. मासा लागला तर लागला. मग काठी भिंतीला टेकवून ठेवावी. तिला गंज चढत नाही, तिला चारा लागत नाही. फड संपून बाप परत येईल तेव्हा तळ्याचे पाणी खाली गेलेले असेल, पण काठी तेथेच असेल, आणि मागे राहिलेल्या पोराने तोवर आणखी दहा माश्या बांधून ठेवलेल्या असतील.